धारच्या बैठकीची पडताळणी

नाशिकला परत आल्यापासून जो तो विचारतो, मांडू पाहिलं का. नाही पाहिलं. धारपासून तासाभराच्या वाटेवर आहे, लोक लांबून लांबून येऊन बघून जातात, आणि मी त्याच्या दारात राहून पाहिलं नाही. मी एक व्याख्यान ऐकलं आणि एका बैठकीची सरकारी तपासणी पाहिली. बैठक म्हणजे घराची पुढची खोली. तिकडची जुनी मराठी घरं अजून तिला हॉल म्हणत नाहीत. ज्यांना मांडू हवं आहे त्यांनी इथेच थांबावं, मला राग येणार नाही.

देवास, मंगळवार

पहिला मुक्काम देवासला, भाची नीताकडे. तिचा नवरा प्रसाद नोकरीसाठी सांगलीहून इथल्या एका कारखान्यात आला आणि इथलाच झाला. आता तो रागावला की हिंदीत बोलतो. नीता म्हणते, भांडण मराठीत झालं तर तिला माहेरची आठवण येते, म्हणून बरंच आहे.

सकाळी पोहे. आपल्यासारखे फोडणीत परतलेले नव्हेत, वाफेवर फुलवलेले, वर शेव, शेवेवर जिरावण नावाचा आंबटतिखट मसाला, आणि शेजारी जिलबी. नाशिकला पोह्यांच्या बशीत जिलबी दिली तर लोक चुकून आली म्हणून परत करतील. इथे दिली नाही तर दुकानदाराची चौकशी होते. "मावशी, वेगवेगळं नका खाऊ, हसतात लोकं," प्रसाद म्हणाला. मी वेगवेगळंच खाल्लं. हसले लोक.

मग टेकरी. देवासच्या मधोमध ती आहे आणि वर देवीची दोन देवळं. मी पायऱ्यांनी चढले. मधे तीनदा बसले, एकदा एका अनोळखी बाईच्या पिशवीवर. वर पोचल्यावर प्रसाद म्हणाला, "उतरताना रोपवेने जाऊ."

"रोपवे आहे?"

"आहे की. तुम्ही विचारलंच नाही. मला वाटलं तुमचा नवस आहे."

संध्याकाळी धारहून फोन आला. धारला माझी नणंद, सिंधूवन्सं. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले, आवाज शाबूत. फोनवर त्यांचा नातू अथर्व होता.

"मामीआज्जी, माझ्याकडून गलती होऊन गेली."

वन्सं दर रविवारी बैठकीत मुलांना मराठी वाचायला शिकवतात. तिकडच्या मुलांची शाळा हिंदी. अक्षरं दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे मुलं मराठी वाचतात, पण शब्द परके म्हणून रस्त्यावरच्या खड्ड्यांतून सायकल न्यावी तशी वाचतात. गल्लीतली अकरा मुलं येतात, त्यातली निम्मी मराठी घरातलीसुद्धा नाहीत. अथर्वने आज्जीच्या वाढदिवसाला प्रेमाने फ्लेक्स करून आणला आणि दारावर लावला: 'सिंधू मराठी कोचिंग क्लासेस, संचालिका श्रीमती सिंधूताई'. खाली वन्संचा फोटो, हात जोडलेला, निवडणुकीला उभ्या असल्यासारखा.

तिकडे घराचा कर घरमालकाने स्वतःच ठरवून भरायचा असतो. आपल्याकडे घरपट्टीचं बिल येतं आणि आपण कुरकुर करतो. तिकडे आपणच लिहून द्यायचं की एवढं घर, इतक्या खोल्या, राहायला वापरतो की धंद्याला. मग पालिकेचा माणूस येऊन पडताळणार. वन्संनी सगळं घर राहतं म्हणून लिहिलं होतं. पालिकेच्या माणसाने जाता जाता फ्लेक्सचा फोटो काढला.

"बैठक व्यावसायिक धरणार म्हणतात. आज्जी म्हणते, मुलांकडून फी घेऊन कर भरणार नाही, शेखरच्या पगारातूनही नाही. वर्गच बंद करून टाकते म्हणते." शेखर म्हणजे वन्संचा मुलगा, अथर्वचा बाप. तोवर मागून वन्संचा आवाज आला, "तिला म्हणावं ये, पण भाषण करू नकोस."

देवास, बुधवार

प्रसाद तिथल्या मराठी मंडळाचा सचिव. त्यांची व्याख्यानमाला चालू होती आणि बुधवारचा विषय होता अण्वस्त्रप्रसारबंदी आणि भारताची मुत्सद्देगिरी. वक्ते परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले राजदूत. हा विषय देवासच्या जेवणाआधीच्या वेळेला कितपत पेलेल याची प्रसादला धास्ती होती, म्हणून त्याने निमंत्रणावर अल्पोपाहाराची ओळ मोठ्या अक्षरात छापून घेतली होती. हॉल भरला.

राजदूत बोलले चांगले. काही देशांनी ठरवलं की बॉम्ब आमच्याकडे राहतील, बाकीच्यांनी करू नयेत. तसा करार झाला आणि आपण त्यावर सही केली नाही. पुढे अणुविजेसाठी बाहेरून इंधन हवं झालं तेव्हा आपण आपल्या अणुभट्ट्यांची वाटणी केली: या विजेच्या, या संरक्षणाच्या. विजेच्या बघायला जगाचे तपासनीस येऊ देत, संरक्षणाच्यांबद्दल विचारायचं नाही. "यादी आम्ही केली," राजदूत म्हणाले. "कोणतं दार उघडायचं ते आम्ही ठरवलं. बाकी सगळं शिष्टाचार."

हे वाक्य ऐकलं आणि मी मनातल्या मनात धारला पोचले.

पण त्याआधी माझ्यातलीच दुसरी एक बाई खुर्चीवरून उठायला बघत होती, तिच्याबद्दल सांगायला हवं. वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. खादीचं पातळ, नंबर नसलेला चष्मा, आणि जगाची जबाबदारी. मी दिल्ली सरकारला शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजीत चार पानी पत्र लिहिलं, की प्रसारबंदीबाबत आपलं धोरण काय आणि ते ठरवताना जनतेला का विचारलं नाही. जनता म्हणजे मी. तिकिटाचे पैसे आईकडून घेतले. आई म्हणाली, "बॉम्बचं झालं की दळण घेऊन ये." घरपट्टी कुठे भरतात हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं. नळाला पाणी नगरपालिका सोडते की देव, हाही प्रश्न तिला कधी पडला नव्हता. मी तिला आज ओळखही देणार नाही, पण तिचा प्रश्न वाईट नव्हता. म्हणून प्रश्नोत्तरांत मी हात वर केला.

"तुम्ही परदेशात बसून आमच्या वतीने शब्द दिलात. त्याचा जाब तुम्हाला कोणी विचारायचा?"

"आम्हाला मंत्री विचारतात, मंत्र्यांना संसद, संसदेला तुम्ही."

"शब्द देण्याआधी संसदेला विचारलं होतं?"

राजदूत घोटभर पाणी प्यायले. "निवेदन केलं होतं."

"निवेदन म्हणजे सांगितलं. विचारलं का?"

"नाही," ते म्हणाले. "आपल्याकडे करारासाठी संसदेची मंजुरी घ्यावीच लागते असं नाही. चर्चा होते, गोंधळही होतो. पण ठरवायचं सरकारने."

"सरकार म्हणजे कोण? एखादं नाव?"

"तसं नाव नसतं, बाई. फाइलवर बऱ्याच सह्या असतात."

मागून एक गृहस्थ उठले. "साहेब, आमच्या कॉलनीत जलकर बारा महिन्यांचा घेतात आणि नळाला पाणी एक दिवस आड येतं. म्हणजे सहा महिन्यांचं. याची जबाबदारी कोणाची?"

"हा विषय माझ्या अखत्यारीतला नाही."

"तेच नगर निगमवाले म्हणतात, भिया," गृहस्थ म्हणाले आणि खाली बसले. भिया म्हणजे तिकडचं भाऊ. व्याख्यानातली सगळ्यात मोठी टाळी त्यांना मिळाली. बावीस वर्षांच्या सुमनने, म्हणजे मीच, त्या माणसाला मान वळवून भुवया उडवून दाखवल्या असत्या. विश्वाचा विषय चालू असताना नळ.

रात्री राजदूत जेवायला नीताकडेच होते. दाल-बाफले. बाफला म्हणजे आधी उकडून मग भाजलेला कणकेचा गोळा, तुपात बुडवलेला. एक खाल्ला की माणूस कोणत्याही करारावर सही करतो. त्यांचा दुसरा चालू असताना मी त्यांना वन्संची हकिगत सांगितली.

त्यांनी गंभीरपणे ऐकली. इतक्या गंभीरपणे ते व्याख्यानातसुद्धा बोलले नव्हते. "तपासनिसाला तुम्हीच बोलवा," ते म्हणाले. "तो आपणहून आला तर धाड, तुम्ही बोलावलं तर पाहुणा. चहा आधी द्या. विचारलं तेवढंच सांगा. आणि जे दाखवायचं नाही त्या खोलीकडे पाहूसुद्धा नका."

"खोटं बोलायचं?"

"छे. खोटं बोलणारा पकडला जातो. कमी बोलायचं."

धार, गुरुवार

वन्संचं सासर धारच्या दरबाराबरोबर आलेलं. दरबार गेला, तलवारी गेल्या, मागे उरलं ते सोवळं आणि माणसांना हाका मारायची पद्धत. घर आता सिमेंटचं, दुमजली. वर शेखरचं बिऱ्हाड, खाली वन्सं. त्यांच्याकडे दोनच खोल्या: बैठक आणि स्वयंपाकघर. जिना त्यांना चढवत नाही.

मी प्रवासाच्या कपड्यांत सरळ आत चालले होते, पाण्याचा पेला घ्यायला.

"थांब. आंघोळ?"

"सकाळी झाली, देवासला."

"मग देवासच्या स्वयंपाकघरात जा."

वन्संचं स्वयंपाकघर असं आहे. पारोशाने जायचं नाही, बाहेरच्याने तर नाहीच. बैठकीत अकरा मुलं एका सतरंजीवर बसतात, कुणाचा बाप रिक्षा चालवतो, कुणाचा पंक्चर काढतो, वन्सं सगळ्यांना एकाच आवाजात ओरडतात. पण मधल्या उंबरठ्यापलीकडे त्यातलं एकही पोर कधी गेलेलं नाही. मुलांचं पाणी बैठकीत, वेगळ्या माठात.

लग्नानंतर पहिल्यांदा मी इथे आले होते तेव्हा याच उंबरठ्यावर उभं राहून समतेवर बोलले होते. वन्संच्या सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. बोलणं संपल्यावर त्यांनी माझं ताट बाहेर बैठकीत आणून दिलं. श्रीखंड होतं. निषेध म्हणून मी दोनदा मागून घेतलं.

तर, आंघोळ केली, पाणी प्यायले आणि कामाला लागले. अथर्वने माझ्या सांगण्यावरून पालिकेत जाऊन निरीक्षकाला शुक्रवारचं बोलावणं केलं. फ्लेक्स आधीच उतरवला होता. मी फळा पलंगाखाली सरकवला, सतरंजी गुंडाळून वर पाठवली, बाराखडीचा तक्ता कॅलेंडरच्या मागे टांगला. बैठक बघता बघता निरुपद्रवी झाली. वन्सं पलंगावर बसून वाती वळत बघत होत्या.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"एका राजदूताने."

"देशाचं कसं होत असेल मग," वन्सं म्हणाल्या.

धार, शुक्रवार

निरीक्षक अकराच्या सुमाराला दुचाकीवरून आले. चाळिशीचा माणूस, घामाघूम, हेल्मेट काखेत. चपला त्यांनी न सांगता बाहेर काढल्या. चहा आधी दिला. शेव दिली. सगळं राजदूतांनी सांगितल्याबरहुकूम चाललं होतं.

"माताजी, यहाँ क्लास चलती है?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, "चलती है. हर रविवार. फळा पलंगाखाली है, हिने लपवला."

निरीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी शेवेकडे बघितलं.

"फीस लेती हैं?"

"घेते की."

अथर्व कळवळला. "आज्जी, ती फी नाही ना. भिया, गुरुपौर्णिमेला मुलं नारळ आणतात, बस. एक-एक नारळ."

"गुरुदक्षिणा ही फीच," वन्सं म्हणाल्या. "घेतल्याशिवाय विद्या देऊ नये असं आमच्यात आहे. मी घेतली. नाही घेतली असं मी सांगणार नाही."

निरीक्षकांनी कपाळ पुसलं. त्यांना वन्संवर कर बसवायचा उत्साह नव्हता, हे दिसत होतं. पण वन्सं एकेक दार स्वतःच उघडत सुटल्या होत्या. अकरा नारळांचं काय करायचं, हे त्यांच्याकडच्या कुठल्या नियमात बसत असेल असं मला वाटलं नाही.

मग मी विचारलं. माझा जुना प्रश्न, दुसरा येतही नाही. "भैया, ये तय कौन करता है? पालिका, कलेक्टर, भोपाळ?"

"मैं," ते म्हणाले. "यह वार्ड मेरा है. दस्तखत मेरे रहेंगे. ऊपर से पूछेंगे तो मैं ही बताऊँगा कि क्या देखा."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं मी सरकारात 'मी' म्हणणारा माणूस शोधत होते, दिल्लीपर्यंत टपालखर्च केला होता, आणि तो इथे अनवाणी बसून शेव खात होता.

त्यांनी बाजू समजावून सांगितली. बैठकीला रस्त्यावर उघडणारं वेगळं दार. तिथे बोर्ड लागला, त्याचा फोटो वर गेलेला. तिथे मुलं येतात, आणि मालकीण स्वतः म्हणते की मी घेते. ही खोली ते राहती लिहू शकत नव्हते. "बोर्ड फिर मत लगाना, और क्लास इस कमरे में मत लेना, तो मैं घर को घर लिखूँगा."

"मग घेऊ कुठे? वर मला चढवत नाही."

"अंदर ले लो. रसोई में. रसोई का कोई क्या लिखेगा, रसोई तो रसोई है."

अथर्व जमिनीकडे बघत होता. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं की निरीक्षकांनी वर्ग बंद करायला सांगितलं आहे. फक्त निरीक्षकांना ठाऊक नव्हतं.

"इतवार को एक चक्कर मारूँगा," ते उठता उठता म्हणाले. "देखना तो पड़ेगा."

ते गेल्यावर वन्सं मला म्हणाल्या, "तू काही बोलणार आहेस?"

"नाही."

"बरं झालं."

अमझेरा, शनिवार

घरात बोलणं बंद होतं, म्हणून अथर्वने मला अमझेऱ्याला नेलं. जुनी देवळं, भोवती शेतं, गव्हाची काढणी झालेली, रानभर पिवळे बुडखे. देवळाच्या पायरीवर बसून आम्ही घरून आणलेल्या दशम्या आणि ठेचा खाल्ला. तिथल्या एका शेतकऱ्याने आमच्या ठेच्याचा घास घेतला आणि डोळे पुसले. मग म्हणाला, "अच्छा है," आणि उठून नळाकडे गेला.

"मामीआज्जी, तुम्ही सांगून बघा ना आज्जीला," अथर्व म्हणाला. "एक दिवसाची तर गोष्ट आहे. निरीक्षक बघून चालले जातील, मग परत बैठकीत."

"आणि पुढच्या रविवारी त्यांनी चक्कर मारली तर?"

फ्लेक्सला त्याने स्वतःच्या पहिल्या पगारातले पैसे घातले होते. वर्ग आपल्यामुळे बुडाला असं त्याला आयुष्यभर वाटत राहील, आणि वन्संना आपण नातवामुळे उंबरठा मोडला असं. मला दोन्ही बाजू दिसत होत्या. वय झालं की हाच त्रास होतो. पूर्वी मला एकच बाजू दिसायची आणि झोप छान लागायची.

मी वन्संना काही सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा त्या ओट्यापाशी स्टुलावर बसून पितळी डबे पुसत होत्या. सगळे डबे खाली काढलेले. मदतीला हात लावायला गेले तर म्हणाल्या, "तू प्रवासातून आलीस." म्हणून मी बैठकीतच बसले. काय ठरलंय ते विचारायचं धैर्य मला झालं नाही. ज्या बाईने दिल्लीला चार पानं लिहिली, तिला.

धार, रविवार

मुलं नेहमीच्या वेळेला आली आणि सवयीने बैठकीत सतरंजी शोधू लागली. सतरंजी नव्हती. वन्सं काठी टेकत मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नेसूचं धुवट होतं, कपाळ कोरडं, चेहरा रोजच्यासारखा चिडका.

"अंगणातल्या नळावर हातपाय धुऊन या. टाचासुद्धा. आणि मग आत."

"आत किधर, आज्जी?" खुशी म्हणाली. पंक्चरवाल्याची मुलगी, वय नऊ, वर्गात सगळ्यात मोठा आवाज.

"आत म्हणजे आत."

मुलं धुवून आली. उंबरठ्यापाशी अकराच्या अकरा थांबली. कोणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ठाऊक होतं. मुलांना असलं सगळं ठाऊक असतं. वन्सं आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या होत्या, आणि भिंतीकडे बघत त्यांनी नुसता हात हलवला, माशी हाकलावी तसा. मग खुशीने पाय आत टाकला आणि बाकीची गर्दी तिच्या मागोमाग आत आली. भिंतीला पाठ लावून बसली. मीही बसले, कोपऱ्यात. माझी आंघोळ झालेली होती.

निरीक्षक आले ते तेवढ्यातच. बैठकीच्या दारातून डोकावले, रिकामी खोली पाहिली, आतून मुलांचा आवाज ऐकला. आत यायला वन्संनी बोलावलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. "ठीक है, माताजी, घर ही लिख देता हूँ," म्हणाले आणि हेल्मेट घालून गेले. आपण काय घडवून आणलं याचा त्यांना पत्ता नाही. मी सांगणार होते, पण मला भाषणबंदी होती.

फळा आत मावत नव्हता. वन्संनी इकडे तिकडे पाहिलं आणि काठीने फळी दाखवली. पितळी डब्यांवर जुन्या वळणदार अक्षरांतल्या कागदी चिठ्ठ्या, काही वन्संच्या, काही त्यांच्या सासूबाईंच्या हातच्या.

"डावीकडून. एकेकाने वाचा."

"ह-ळ-द."

"गूळ," दुसरा म्हणाला आणि ळ गिळला. वन्संनी तो त्याच्याकडून परत काढून घेतला, तीनदा.

"भा-ज-णी. ये क्या है, आज्जी?"

"थालीपिठाची. पुढे."

खुशीची पाळी आली. "मे-त-कू-ट." तिने मान तिरकी करून पुन्हा वाचलं. "मेतकूट. ये तो मैंने सुना ही नहीं. किधर लगाते हैं?"

वर्ग हसला. वन्सं हसल्या नाहीत. त्या स्टुलावरून उठल्या, फळीवरचा डबा दोन्ही हातांनी उतरवला. या घरात आलेल्या सुनांनीसुद्धा तो ओल्या केसांनीच हाताळलेला आहे. मी काल त्याला हात लावू शकले नव्हते. वन्संनी तो खुशीच्या मांडीवर ठेवला.

"वाचलंस ना बरोबर? मग उघड."

खुशीने झाकण काढलं, नाक आत घातलं आणि डब्यातच शिंकली. पिवळी पूड तिच्या भुवयांवर, फरशीवर, माझ्या चष्म्यावर. सगळी मुलं वन्संकडे बघत राहिली.

वन्संनी पदराने खुशीचं तोंड पुसलं. मग डबा तिच्या मांडीवर तसाच राहू देऊन त्या फळीकडे वळल्या.

"पुढचा कोण वाचतंय?"